नरसूनं मोटर काढली

एसटी जिथून वळून माघारी जाते, अशा एका गावात एक भोळा भाऊ राहत होता. त्याचं नाव नरसू. वय चाळिशीचं, अंगानं धिप्पाड, आणि सांगितलेल्या कामाला कधी नाही म्हणायचा नाही. सांगितलेलं करायचा. सांगितलं तसंच करायचा. अडचण सगळी तिथंच होती.

नरसू आपल्या थोरल्या बहिणीकडे राहायचा. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. आक्का शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करून चार गावच्या आठवडी बाजारात विकायची. नवरा वारल्यावर ती त्याची जुनी पांढरी गाडी स्वतः चालवायला शिकली होती. मागच्या सीटवर भाकरीच्या चवडी, पुढं आक्का, आणि तिच्या शेजारी मांडीवर चटणीचा डबा घेऊन नरसू. असं त्या दोघांचं पोट त्या गाडीवर चाललं होतं.

आता गाडीला पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षं झाली की गाडी पासिंगला न्यावी लागते. आरटीओचे साहेब ती वरून खालून बघतात. पास झाली तर आणखी पाच वर्षं पळते. नाही झाली तर भंगारात जाते. ही गोष्ट घडली त्या दिवशी साहेब शेजारच्या बाजारगावात येणार होते, चार वाजेपर्यंत बसणार होते, आणि आक्काच्या गाडीची मुदत नेमकी त्याच दिवशी संपत होती.

तसं गाडीचं सगळं ठीक होतं. हॉर्न वाजत होता. दिवे लागत होते. ब्रेक लागत होता. फक्त पुढच्या काचेवर पाणी उडत नव्हतं.

बाबालाल मिस्त्रींनी सकाळीच येऊन बॉनेट उघडलं.

"पाणी मारायची मोटर गेलीय," ते म्हणाले. "ही बघा, टाकीच्या बुडाला रबरात बसलेली. एवढीशी असती. वायर मी सोडवून ठेवलीय. आता ही जुनी ओढून काढायची आणि ही नवी दाबून बसवायची. झालं काम."

"मग बसवा की," आक्का म्हणाली.

"मला मिरजंला जायचंय. भाचीचा निकाह हाय. नरसू करंल की. त्यात काय हाय?"

आक्कानं नरसूकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे पाहिलं. घरात दीडशे भाकरी थापायच्या राहिल्या होत्या. दुसरं कुणी नव्हतं.

"त्याला नीट सांगून जावा," ती म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मिस्त्रींनी नीट सांगितलं. "हे बघ नरसू. हिला धरायची. हलक्या हातानं ओढायची. सुटल्याबिगर सोडायची न्हाई. कळलं?"

"कळलं. ध्यानात ठेवलं," नरसू म्हणाला.

आणि खरंच ठेवलं. नरसूच्या ध्यानात एकदा गोष्ट गेली की ती तिथं गच्च बसायची.

नरसूनं मोटर धरली. हलक्या हातानं ओढली. सुटली नाही. पंधरा वर्षं एका जागी बसलेली मोटर हलक्या हाताला कशाला दाद देते? पण जोरानं ओढायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सोडायचं नाही म्हणून तर बजावलं होतं. म्हणून नरसू तसाच वाकून उभा राहिला.

आठ वाजले. नऊ वाजले. नाकावर माशी बसली. नरसूनं ती फुंकून उडवायचा प्रयत्न केला. उडाली नाही. मग दोघंही तसेच राहिले.

दहाच्या सुमाराला शेजारच्या शेवंताकाकू पाणी भरून चालल्या होत्या. त्या थांबल्या.

"काय रे नरसू, काय धरलंयस?"

"मोटर."

"मग ओढ की."

"ओढतोय."

"मला तर काय ओढताना दिसत न्हाईस."

"हलक्या हातानं ओढतोय, काकू."

"कवाधरनं?"

"आठपास्नं."

शेवंताकाकूंनी घागर तिथंच ठेवली आणि आक्काला हाक मारली. आक्का पिठाचे हात घेऊन बाहेर आली. भावाची कंबर धनुष्यासारखी वाकलेली पाहून तिचं डोकं तापलं.

"अरे बाबा, सोड ती!"

"सुटल्याबिगर सोडायची न्हाई म्हणलेत मिस्त्री."

"मी सांगते, सोड! अरे, एखादं काम अडलं की त्याला चिकटून बसू नये. जरा बाजूला सोडून द्यावं. दुसरी दोन कामं उरकावी. मग ताज्या दमानं परत यावं."

"बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

आणि खरंच ठेवलं.

आक्काच्या भाकरी अकराला थापून झाल्या. ती घाईघाईनं न्हाणीत गेली. अंघोळ झाली, लुगडं नेसून झालं, आणि दाराची कडी काही निघेना. जुनी लोखंडी कडी, वाफेनं जाम झालेली.

"नरसू!" आतून हाक आली. "कडी अडकली रे! बाहेरनं दार ओढ जरा!"

नरसू धावत गेला. त्यानं दार ओढलं. उघडलं नाही. पुन्हा ओढलं. उघडलं नाही. काम अडलं होतं. त्यानं दाराला चिकटून न बसता ते बाजूला सोडून दिलं आणि दुसरी कामं उरकायला गेला.

त्यानं अंगण झाडलं. कोंबड्यांना दाणे टाकले. सरपण फोडून उन्हात रचलं. आतून दार वाजत होतं. "नरसू! अरे नरसू!" असा आवाज येत होता.

"आलो आक्का!" तो अंगणातून ओरडायचा. "अजून एकच काम राहिलंय!"

अर्ध्या तासानं तो हातपाय धुऊन, ताज्या दमानं न्हाणीपाशी आला. तोवर शेवंताकाकूंनी दाराच्या फटीतून उलथनं घालून कडी वर सारली होती. आक्का बाहेर उभी होती. धुतलेलं तोंड घामानं पुन्हा ओलं झालं होतं.

"कुठं होतास?"

"सरपण फोडत होतो. तूच म्हणालीस की, अडलं तर सोडून द्यावं."

"अरे, आत माणूस अडकलं असताना सोडून जातात व्हय?" आक्काचा आवाज चिरकला. "काकूंनी कसं केलं बघ. फटीत उलथनं घातलं, एक हिसका दिला, निघालं. अडकलेलं असं उचकटून काढावं."

"बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

नरसू उलथनं घेऊन सरळ गाडीपाशी गेला.

त्यानं मोटर आणि टाकी यांच्यामधल्या फटीत उलथनं घातलं. एक हिसका दिला. उलथनं घसरलं आणि टाकीच्या भोकाची कड खरवडली. दुसरा हिसका दिला. कडाक आवाज झाला. नरसूच्या हातात मोटर आली.

म्हणजे अर्धी आली. मोटरचं तोंड तेवढं रबरातच राहिलं.

अर्धी तर अर्धी, काम पुढं सरकलं होतं. नरसूनं मिस्त्रींना फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"मिस्त्री, मोटर निघाली!"

"शाब्बास!"

"तोंड आत राहिलंय."

"कुणाचं?"

"मोटरचं. उलथन्यानं उचकटली."

मिस्त्री बँडपासून जरा लांब गेले. मग ते मोठ्यानं म्हणाले, "अरे, प्लास्टिकला कधी उचकटतात का? प्लास्टिक धरून बसलं असंल तर त्याला गरम पाणी घालायचं. चांगलं कढत. वरनं साबण लावायचा. मग चोळत चोळत काढायचं. आपोआप निसटतंय. जबरदस्ती न्हाई, काय न्हाई. गरम पाणी आणि साबण!"

"ध्यानात ठेवलं, मिस्त्री."

आता हे मात्र अगदी बरोबर सांगितलेलं होतं. नरसूनं ते तसंच केलं असतं, तर मोटरचं तोंड दोन मिनिटांत बाहेर आलं असतं आणि आमची गोष्ट इथंच संपली असती. त्यानं पातेलंभर पाणी चुलीवर ठेवलं. पाण्याला आधण आलं. त्यानं साबणाची वडी हातात घेतली. आणि तेवढ्यात आक्का माजघरातून म्हणाली,

"नरसू, गाडीच्या कप्प्यातनं कागदांची पिशवी काढ रे. विम्याचा कागद, धुराचा दाखला, सगळे कागद बाहेर काढून ठेव."

नरसूनं पिशवी काढली. प्लास्टिकची पिशवी. पंधरा वर्षांच्या उन्हानं ती कागदांना अशी धरून बसली होती की कागद कुठला आणि प्लास्टिक कुठलं ते कळत नव्हतं. नरसूनं एक कोपरा ओढून पाहिला. निघाला नाही.

प्लास्टिक धरून बसलं होतं. हातात साबण होता. पाणीही कढत होतं. त्याला फार विचार करावा लागला नाही.

आक्का बाहेर आली तेव्हा नरसू ओट्यावर बसून विम्याचा कागद चोळत होता. फेस छान आला होता.

"निघाले सगळे," तो म्हणाला. "आपोआप निसटले. जबरदस्ती न्हाई, काय न्हाई."

आक्कानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग हात काढले, कारण रडायलाही वेळ नव्हता. घड्याळात साडेबारा वाजले होते. गाडीचं आरसीचं कार्ड प्लास्टिकचं, ते तेवढं बचावलं. बाकीच्या कागदांवरचा साबण तिनं गार पाण्यानं अलगद काढला, आणि एकेक कागद ती कपड्यांच्या दोरीवर घालू लागली.

"हे बघ," ती दमून म्हणाली. आता तिच्या आवाजात राग उरला नव्हता. "ओल्या वस्तूला हात लावायचा न्हाई. चोळायचं न्हाई, ओढायचं न्हाई. अशी दोरीवर टांगायची. चिमटा लावायचा. ऊन आपलं काम करतं."

"बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

आक्का अंबाडा घालायला आत गेली. नरसू गाडीपाशी आला. त्यानं टाकीला बोट लावून पाहिलं. टाकी ओली होती.

त्यानं दोन स्क्रू काढले, टाकी बाहेर घेतली, तिचं पाणी ओतलं आणि तिला दोरीवर टांगलं. विम्याचा कागद, मग धुराचा दाखला, मग टाकी. टाकीला त्यानं चार चिमटे लावले. मग हात मागं बांधून तो ऊन काय काम करतं ते बघत उभा राहिला.

आक्का बाहेर आली. तिला दोरी दिसली. दोरीवरची टाकी दिसली.

"नरसू," ती म्हणाली. "नरसू, अरे, मोटर काढायची सोडून तू टाकी वाळत—"

वैशाखाचं ऊन होतं. टाकी चांगली तापली होती. रबर मऊ पडलं होतं. आक्काचं वाक्य पुरं व्हायच्या आत मोटरचं तोंड टपकन तिच्या पायापाशी पडलं.

आक्का त्या तुकड्याकडे बघत राहिली. नरसूही बघत राहिला.

"निघालं," तो म्हणाला.

"निघालं की रे!" आक्का म्हणाली, आणि सकाळपासून पहिल्यांदा हसली. "निघालं बघ!"

मग आक्कानं स्वतः नवी मोटर बसवली. टाकी जागेवर लावली, वायर जोडली, पाणी भरलं. पण पाणी काचेवर उडायच्या आधी भोकाच्या कडेनंच गळायला लागलं. उलथन्यानं कड खरवडली होती ना. रबर नीट टेकत नव्हतं.

पुन्हा मिस्त्रींना फोन. आता पलीकडे जेवणं चालली होती. आक्कानं सगळं सांगितलं आणि फोन नरसूच्या हाती देऊन ती दोरीवरचे कागद उतरवायला गेली.

"नरसू, ऐक," मिस्त्री म्हणाले. "माझी पत्र्याची पेटी तुमच्या सोप्यात हाय. त्यातनं पॉलिश पेपर घे आणि ती कड घास. घाई करू नको. डोळ्यानं बघून समजत न्हाई, बोट फिरवून बघायचं. बोटाला कायबी लागता कामा न्हाई. पेपरनं भागलं न्हाई तर कानस घे. पण गुळगुळीत कर. काचंसारखं."

"ध्यानात ठेवलं, मिस्त्री."

आक्कानं टाकी पुन्हा सोडवून नवी मोटर काढून दिली. नरसू मांडी घालून बसला. मांडीवर टाकी घेतली. कड घासली. बोट फिरवलं. लागलं. पुन्हा घासली. बोट फिरवलं. थोडं लागलं. आक्का श्वास धरून बघत होती. नरसूनं कानशीचे चार हलके हात मारले, वर पुन्हा पेपर फिरवला, आणि डोळे मिटून बोट फिरवलं.

"कायबी लागत न्हाई," तो म्हणाला.

आक्कानंही बोट फिरवून पाहिलं. काहीही लागत नव्हतं.

मोटर बसली. पाणी गळलं नाही. आक्कानं आत बसून दांडी ओढली, तशा दोन चिळकांड्या काचेवर उडाल्या आणि वायपर त्यांच्यावरून फिरला. शेवंताकाकूंनी टाळ्या वाजवल्या. आक्का खाली उतरली आणि तिनं नरसूच्या डोक्यावरून हात फिरवला.

"शिकलास रे बाबा," ती म्हणाली. "शेवटी शिकलास."

नरसूला इतका आनंद झाला की मिस्त्रींची पेटी त्यानं तशीच मांडीवर घेतली आणि गाडीत बसला.

तीन वाजता ते बाजारगावाच्या मैदानात पोचले. गाड्यांची रांग लागली होती. साहेब किरकोळ अंगाचे, शांत होते. कुणावर ओरडत नव्हते. आक्काचा नंबर साडेतीनला आला.

"हॉर्न वाजवा." वाजला.

"दिवे लावा." लागले.

"ब्रेक दाबा." लागला.

"काचेवर पाणी मारा."

आक्कानं देवाचं नाव घेतलं आणि दांडी ओढली. पाणी काचेवरून उडून साहेबांच्या चष्म्यापर्यंत गेलं. साहेबांनी रुमालानं चष्मा पुसला.

"भरपूर आहे," ते म्हणाले. "कागद?"

कागद दिले. साहेबांनी विम्याचा कागद नाकाशी नेला.

"वास छान येतोय याला."

"व्हय साहेब," आक्का म्हणाली.

"बरं. आता चेसिसचा नंबर तेवढा बघतो. कागदावरचा आणि गाडीवरचा नंबर जुळला की माझी सही. मग पाच वर्षं बघायला नको." साहेब बॉनेटखाली वाकले. आत एक अॅल्युमिनियमची पट्टी होती. तिच्यावर पंधरा वर्षांचं तेल आणि धूळ बसली होती. "ह्याच्यावर काही दिसत नाही हो, बाई. एवढी पट्टी साफ करून ठेवा. मी तोवर त्या टेम्पोचं बघून येतो. आणि तुम्ही तिकडं टेबलावर जाऊन फॉर्मवर सह्या करा."

"आत्ता करते साहेब." आक्कानं घाईनं पर्स उचलली. "नरसू, ही पट्टी साफ कर."

"कशी करू, आक्का?"

आक्का वळली. दुसरा कुठला दिवस असता तर तिनं त्याला फडकं हातात देऊन दाखवलं असतं. पण त्या दिवशी दुपारी तिनं स्वतःच्या बोटानं त्याचं काम तपासलं होतं.

"मघाशी टाकीचं केलंस की," ती मायेनं म्हणाली. "तसंच झकास कर."

"बरं आक्का. ध्यानात ठेवलं."

नरसूनं पेटी उघडली. पॉलिश पेपर काढला. आधी तेल गेलं. मग धूळ गेली. खाली आकडे होते, अक्षरं होती, सतरा एकूण. नरसूनं बोट फिरवलं. बोटाला लागलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत लागलं. टाकीच्या कडेपेक्षा कितीतरी जास्त खरखरीत काम होतं हे.

नरसू घाबरला नाही. त्यानं बाह्या वर सारल्या आणि घासायला सुरुवात केली. घाई केली नाही. पेपरनं भागेना, तेव्हा कानस घेतली. शेजारच्या गाडीचा माणूस तंबाखू मळत बघत होता.

"जोरात चाललंय काम," तो म्हणाला.

"पासिंग हाय," नरसू म्हणाला.

टेम्पोला वेळ लागला. टेबलावर रांग होती. चार वाजायला पाचेक मिनिटं होती तेव्हा साहेब आणि आक्का बरोबरच गाडीपाशी आले. साहेबांच्या हातात फॉर्म होता. फॉर्मवर शिक्का होता. फक्त सही राहिली होती, आणि पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढलं होतं.

नरसू घामानं डबडबला होता आणि हसत होता. पट्टी ताटलीसारखी लखलखत होती. साहेब वाकले. चष्मा सरळ केला. आणखी वाकले.

"नंबर कुठं आहे?"

"गेला, साहेब," नरसू म्हणाला. "मधला आठ लई चिवट होता. पण गेला."

आक्कानं गाडीला हात टेकला. साहेबांनी कागदावरचा नंबर वाचला आणि पुन्हा पट्टीकडे पाहिलं.

साहेबांची खात्री पटत नाही असं नरसूला वाटलं.

"डोळ्यानं समजायचं न्हाई, साहेब," तो नम्रपणे म्हणाला. "बोट फिरवून बघा."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, ते खिशात ठेवलं आणि पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

बोटाला काहीही लागलं नाही.